कुंडीतलं लिंबू हिवाळ्यात का मरतं? या चुका टाळा

थंड हवेच्या ठिकाणी कुंडीतलं लिंबू किंवा संत्रं गेलं की सगळे थंडीला बोल लावतात. मी पाहिलेली बहुतेक झाडं मात्र घरात आणल्यावर, पाण्याने मेली आहेत.

माझ्या मावसबहिणीचं लिंबू ऐन डिसेंबरात भराभर पानं गाळू लागलं. झाड काचेच्या खिडकीत उन्हात आणि कुंडी गारठलेल्या फरशीवर. माती 12-13 अंशांखाली गेली की या झाडांची मुळं जवळजवळ थंडावतात. वर पानं तापून पाणी मागतात, खालून पुरवठा होत नाही, मग झाड हिरवी पानंसुद्धा टाकून देतं. तिला वाटलं, तहानलंय. रोज पाणी सुरू झालं, मग खत, शेवटी मोठी कुंडी. मी झाड उपसून पाहिलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येई आणि आतला दोरा तेवढा उरे.

कुजलेली मुळं कापली, उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच लहान कुंडी घेतली, मातीत भरपूर पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) मिसळलं. फांद्याही छाटल्या, कुंडी लाकडी फळीवर ठेवली. "ताई, आता याला हात लावायचा नाही," एवढंच बजावलं. दर दोन दिवसांनी तिचा फोन: थोडं पाणी घालू का? नाही! मार्चअखेर खोडावर डोळे फुटले. खत त्यानंतर, नवी पानं पक्व झाल्यावर.

"आठवड्यातून एकदा पाणी" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मी कुंडी उचलून पाहते. हलकी लागली आणि बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी असली, तरच पाणी.

आणि निष्पर्ण झाड लगेच फेकू नका. नखाने साल खरवडा; आत हिरवं असेल तर जीव आहे.

दुसरी चूक म्हणजे हीटरशेजारची ऊबदार खोली. उजेड कमी आणि ऊब जास्त असली की फूट लांबट, फिकट येते. कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड हमखास. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 ते 1686 दरम्यान बांधलेल्या दालनात संत्र्याची झाडं आजही हिवाळा काढतात. तिथे शेगडी नाही. जाड भिंती आणि दक्षिणेकडच्या मोठ्या काचा पुरतात. मीही लिंबू 5 ते 10 अंशांच्या उजेडाच्या, बिनहीटरच्या खोलीत ठेवते. तिथे मुळांबरोबर पानंही गार राहतात, म्हणून ती फारसं पाणी मागत नाहीत.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर खताकडे धावू नका. गार मातीतून मुळांना लोह उचलता येत नाही. माती तापली की बहुधा नवी पानं हिरवी येतात. पानं चिकट लागली तर पानांखाली खवले कीड शोधा आणि ओल्या फडक्याने पुसून काढा. कलमाच्या सांध्याखालून तीन-तीन पानांची काटेरी फूट आली तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याची; लगेच मोडा.

वसंतात घाई करून झाड थेट उन्हात नेऊ नका, पानं भाजतात. आधी आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, आणि कडाक्याची रात्र असेल तर परत आत.