बाल्कनीतला मोयना: खाणं किती टाकायचं ते थर्मामीटरला विचारा

फायटर नाहीतर गप्पी माशांच्या पिल्लांना जिवंत खाणं हवं म्हणून ठाणे-नवी मुंबईत बरेच जण बाल्कनीत मोयना, म्हणजे पाण्यातले टाचणीच्या टोकाएवढे वळवळणारे जीव, टबात वाढवतात, काही दिवस टब नुसता वळवळत असतो आणि मग एका सकाळी बघावं तर सगळे तळाला. मग पाण्याला शिव्या, नाहीतर कल्चर (सुरुवातीचे मोयना) विकणाऱ्याला. बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच की पाणी तापलं आणि खाण्याचं माप जुनंच राहिलं.

आधी एक, इथे मोयनाच लावा, डॅफ्निया मॅग्ना या त्याच्या मोठ्या भावंडाच्या नादी लागू नका. त्याला १८ ते २२ डिग्री लागतं, ते आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे मिळालं तर मिळालं. मोयना २४ ते ३० मध्ये मजेत असतो, २६ च्या आसपास पिल्लू ४-५ दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतं आणि मग दर दीड-दोन दिवसांनी नवीन बॅच. नर लागतच नाही, सगळं माद्यांचं माद्यांतच चालू.

टब पसरट घ्या, नळाचं पाणी क्लोरीन उडायला २४ तास उघडं ठेवा, सकाळचं ऊन चालेल पण पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी सावली हवीच. वरून मच्छरदाणीचं कापड बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि सोसायटीत बोलणी खाल ती वेगळीच.

आता खरा मुद्दा. पाणी गरम झालं की यांचं सगळंच फास्ट होतं, वाढ फास्ट, अंडी फास्ट, म्हातारपणही फास्ट. मॅग्ना २० डिग्रीला साधारण ५६ दिवस जगतो तर २५ ला ४० च्या आसपास. भूकही तशीच वाढते, म्हणजे गरम पाणी आणि कमी खाणं हे सगळ्यात वाईट, मिळतं ते जगण्यातच संपतं आणि अंड्यांना काही उरत नाही. थंडीत तेवढ्याच खाण्यावर निवांत राहतात, फक्त पिल्लं उशिरा होतात.

मग मे महिन्यात त्यांचं खाणं म्हणून भरपूर यीस्ट ओतायचं का, तर अजिबात नाही! २० डिग्रीला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच, त्यात उरलेलं यीस्ट सडलं की बॅक्टेरिया तोही संपवतात. म्हणून उन्हाळ्यात थोडं थोडं पण दिवसातून दोनदा, थंडीत एकदाच. यीस्ट कोमट पाण्यात विरघळवून पाणी जेमतेम धुरकट होईल इतकंच टाका. काही तासांत निवळलं तर पुढच्या वेळी थोडं वाढवा, दुसऱ्या दिवशीही गढूळच असेल तर हात आवरा. ग्रीन वॉटर, म्हणजे बारीक शेवाळाने हिरवं झालेलं पाणी, मिळालं तर सोन्याहून पिवळं, ते जिवंत असल्यामुळे लगेच सडत नाही, पण पावसाळ्यात उन्हाविना ते नीट होत नाही तेव्हा यीस्ट हाताशी ठेवा.

अंदाज येत नसेल तर काचेच्या ग्लासात थोडे काढून उजेडासमोर धरा आणि मोबाईल झूम करून बघा. पोटात हिरवी रेघ दिसली तर ग्रीन वॉटर नीट खातायत, रेघच नाही तर उपाशी आहेत. पाठीच्या पिशवीत गोल अंडी दिसायला हवीत. अंग लालसर दिसलं तर ऑक्सिजन कमी पडतोय, खाणं थांबवा, थोडं पाणी बदला आणि एअर पंप हळू चालवा.

दर एक-दोन दिवसांनी पाव हिस्सा काढून माशांना घाला, जीव अडकवून ठेवू नका. गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला खाणं कमी येतं, मग नर जन्मतात आणि माद्यांच्या पाठीवर खोगिरासारखं गडद कवच येतं, त्यात टिकाऊ अंडी असतात. ती तळाच्या गाळात सापडतील, वाळवून कागदात ठेवा, टब कधी बसलाच तर ताज्या पाण्यात उजेडाला टाकून त्यातून पुन्हा सुरू करता येतं.