साउंडप्रूफिंगनंतर लाकडी जमीन करकरते? आधी आवाजाचा थर शोधा

साउंडप्रूफिंग झालं, खालच्या मजल्यावरचा गोंगाट थांबला, आणि आता चालताना जमीनच करकरते. अशा वेळी लांब स्क्रू घेऊन वरून थेट तुळईपर्यंत आवळून टाकावंसं वाटतं. हे अजिबात करू नका. वरचा बोर्ड जुन्या फळ्यांवर अंथरलेल्या रबराच्या मॅटवर तरंगता ठेवलेला असतो, तो पावलांची कंपनं तुळईत उतरू नयेत म्हणूनच. मॅटमधून आरपार गेलेला प्रत्येक स्क्रू त्या कंपनांना खाली जायला वाट करून देतो. करकर थांबते, पण साउंडप्रूफिंगही तेवढंच निकामी होतं.

म्हणून आधी आवाज कुठल्या थरातला आहे ते ठरवा. एकाने सावकाश चालावं, दुसऱ्याने जमिनीला तळहात टेकवून बसावं आणि आवाज येईल तिथे खडूने खूण करावी. खुणा भिंतीलगत असतील तर बोर्ड भिंतीला घासतोय. बोर्डांच्या सांध्यांवर असतील तर वरचा थर सैल आहे. ठरावीक अंतराने सरळ रेषेत आल्या, तर खालच्या जुन्या फळ्या तुळईवर हलताहेत.

भिंतीपासून सुरुवात करा, कारण हे काम सर्वांत सोपं. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) काढा. बोर्ड आणि भिंत यांच्यात चहूबाजूंनी ८ ते १० मिमी फट हवी. दाराच्या चौकटीपाशी आणि पाइपांभोवती ती हमखास राहून जाते. बोर्ड टेकला असेल तिथे मल्टीटूलने (थरथरत्या पात्याच्या कटरने) कापा, भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि फटीत फोमची पट्टी बसवा. स्कर्टिंग परत लावताना त्याखाली २-३ मिमी जागा सोडून ती न कडकणाऱ्या अकॉस्टिक सीलंटने भरा. स्कर्टिंग जमिनीवर दाबून बसवलं तर तेच करकरायला लागतं.

सांधे करकरत असतील तर बहुतेक वेळा टंग-ग्रूव्हमध्ये (एका बोर्डाची जीभ शेजारच्याच्या खाचेत बसते त्या जोडात) गोंद घातलेला नसतो किंवा कमी पडलेला असतो. पाय पडला की जीभ खाचेत घासते. टाल्कम पावडर टाकून आवाज काही दिवस दबतो, एवढंच. बोर्ड उचलता येत असतील तर उचला, मॅटवरचे खडे आणि स्क्रूचे तुकडे झाडून घ्या (बोर्डाखाली अडकलेला एक खडाही करकरीला पुरतो), खाचेच्या पूर्ण लांबीत डी४ दर्जाचा (पाण्याला टिकणारा) लाकडाचा गोंद भरून सांधा घट्ट आवळा आणि २४ तास त्यावर चालू नका. मॅटच्या वर बोर्डांचे दोन थर असतील तर ते एकमेकांना गोंद आणि स्क्रूने जोडा. इथे स्क्रूची लांबी फार जपा: १८ अधिक १८ म्हणजे ३६ मिमी जाडीला ३० किंवा ३२ मिमीचाच स्क्रू. ४० मिमीचा वापरला तर टोक मॅटमध्ये घुसलंच.

खालच्या फळ्यांसाठी मात्र वरचे थर काढावेच लागतात. जुने खिळे सैल झालेले असतात आणि फळी खिळ्यावर वरखाली सरकते, तीच करकर. २० मिमी फळीला ५० मिमीचे स्क्रू घ्या, डोक्याखालचा भाग बिनआट्याचा असलेले. पूर्ण आट्यांचा स्क्रू फळी आणि तुळई दोन्हींत एकदम पकडतो, त्यामुळे मधली फट आहे तशीच राहते. प्रत्येक तुळईवर प्रत्येक फळीला दोन स्क्रू मारा. त्याआधी डिटेक्टर फिरवून वायर आणि पाइप तपासा. तुळई खाली बसून फट पडली असेल तर पातळ पाचर गोंद लावून हाताने सरकवा; हातोडीने ठोकली तर ती शेजारची फळी उचलते.

तुळयांमध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) भरलं असेल तर मास्क आणि हातमोजे घालून तेही बघा. फळी नुसती ठेवल्यावर तुळईवर सपाट टेकली पाहिजे. टेकत नसेल तर रॉकवूल जास्त कोंबलंय, ते तुळईच्या माथ्यापेक्षा १० मिमी खाली येईल इतकं कमी करा.

कुणी चालत नसतानाही टकटक ऐकू आली तर लाकडात दोष शोधू नका. गरम पाण्याचा पाइप तापताना वाढतो आणि तुळईच्या खाचेत घासतो. खाच थोडी रुंद करून पाइपला फेल्ट गुंडाळा.

नवे बोर्ड परत बसवण्याआधी ते त्याच खोलीत ४८ तास ठेवा, म्हणजे ते तिथल्या हवेतल्या ओलाव्याला सरावतील आणि सांधे पुन्हा उघडणार नाहीत.