रेट लॉ लिहिताना या चुका टाळा

बारावीच्या रासायनिक गतिकीचे पेपर तपासताना माझ्या सगळ्यात जास्त लाल रेघा एकाच जागी पडतात. संतुलित समीकरणातले आकडे उचलायचे आणि तेच घातांक म्हणून रेट लॉमध्ये, म्हणजे अभिक्रियेचा वेग संहतीवर कसा अवलंबून आहे ते सांगणाऱ्या सूत्रात, बसवायचे. नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू, हायड्रोजनचे दोन, म्हणून ऑर्डर (घातांकांची बेरीज) चार! खाली रीडिंगचा तक्ता दिलेला असतो, त्याकडे ढुंकूनही बघितलेलं नसतं.

तो तक्ता नीट वाचा. नायट्रिक ऑक्साइड तेवढाच ठेवून हायड्रोजन दुप्पट केला, वेग दुप्पट. हायड्रोजन तेवढाच ठेवून नायट्रिक ऑक्साइड दुप्पट केला, वेग चौपट. म्हणजे वेग = वेग स्थिरांक × [नायट्रिक ऑक्साइड]² × [हायड्रोजन], आणि ऑर्डर तीन (चौकटी कंस म्हणजे त्या पदार्थाची संहती, एका लिटरमधलं त्याचं प्रमाण; वेग स्थिरांक म्हणजे ठरावीक तापमानाला न बदलणारी संख्या). कारण ही अभिक्रिया एका दमात होत नाही. आधी नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू जोडी करतात, त्या जोडीवर हायड्रोजनचा एक रेणू येऊन आदळतो, आणि हीच पायरी सगळ्यात संथ. दुसरा हायड्रोजन त्यानंतरच्या झटपट पायरीत खर्ची पडतो, त्यामुळे वेगाच्या हिशेबात तो येतच नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. सुमारे २२५ अंश सेल्सिअसच्या खाली कार्बन मोनॉक्साइड कितीही वाढवा, वेग ढिम्म हलत नाही. समीकरणावरून घातांक लिहायची मुभा फक्त एकाच पायरीत होणाऱ्या अभिक्रियेला, आणि ती एकाच पायरीत होते हे प्रश्नात सांगितलेलं असेल तरच.

माझ्या वर्गात तक्ता दिसला की आधी शब्दांत लिहायचं: 'हा स्थिर, तो दुप्पट, वेग अमुकपट.' मगच आकडेमोड. 'सर, सीईटीला एवढा वेळ कुठे असतो?' असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. हे वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात. शॉर्टकट पाठ केलेली मुलं दोन्ही संहती एकदम बदलणारा तक्ता आला की अडकतात, हे मी वारंवार पाहिलंय.

दुसरी चूक प्रॅक्टिकलमधली. सोडियम थायोसल्फेटमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचं आणि तयार होणाऱ्या गंधकाने द्रावण गढूळ होऊन फ्लास्कखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा, हा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे. एका गटाची जर्नल माझ्यासमोर आली. आलेख सुरेख सरळ रेषेत. मी विचारलं, 'पाणी किती घातलंत?' उत्तर आलं, 'पाणी कशाला सर?' त्यांनी ५०, ४०, ३०, २०, १० मिली थायोसल्फेट घेतलं होतं आणि प्रत्येकात ५ मिली आम्ल ओतलं होतं. पाणी घालून आकारमान ५० मिली केलंच नव्हतं. म्हणजे त्यांनी कमी केलं ते थायोसल्फेटचं माप, त्याची संहती त्यामानाने थोडीच बदलली. फुली उशिरा गेली ती मुख्यतः द्रावणाची उंची कमी झाल्यामुळे. थर जितका पातळ, तितकं जास्त गंधक साचल्याशिवाय फुली झाकली जात नाही.

त्यांना हे पटेना. मग तेच १० मिली थायोसल्फेट आणि ५ मिली आम्ल मी एका छोट्या अरुंद बीकरमध्ये ओतायला लावलं. फुली पाहता पाहता गेली. द्रावण तेच, संहती तीच, वेळ मात्र निराळा. चुकीच्या प्रयोगातून बरोबर दिसणारा आलेख निघतो, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते. थायोसल्फेट, पाणी आणि दोन्हींची बेरीज असे तीन रकाने जर्नलमध्ये आखा. बेरीज प्रत्येक ओळीत ५० आल्याशिवाय मी आलेखाचा कागद हातात देत नाही.

आता बाकीच्या चुका. संहती वाढली की वेग वाढतो, वेग स्थिरांक वाढत नाही. अर्धायुकाल (संहती निम्मी व्हायला लागणारा वेळ) = ०.६९३ ÷ वेग स्थिरांक, हे फक्त पहिल्या ऑर्डरला. शून्य ऑर्डरला सुरुवातीची संहती भागिले वेग स्थिरांकाची दुप्पट. उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) अभिक्रिया वेगवानच असते असं मुळीच नाही: हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण ठिणगीशिवाय खोलीच्या तापमानाला नुसतं पडून राहतं. उत्तरात वेग स्थिरांकाचं एकक लिहायचं राहिलं तर मी अर्धा मार्क कापतो. 'प्रति सेकंद' हे पहिल्या ऑर्डरचं, 'लिटर प्रति मोल प्रति सेकंद' हे दुसऱ्या. एकक जुळलं नाही तर ऑर्डर पुन्हा तपासा.

'दर १० अंशांना वेग दुप्पट' हा नियम म्हणून पाठ करू नका. २९८ वरून ३०८ केल्व्हिनला वेग दुप्पट व्हायला सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया होण्यासाठी रेणूंना लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ५३ किलोज्यूल प्रति मोल लागते. ती १०० असेल तर वेग पावणेचारपटीच्या जवळ जातो. हेच गणित २५ आणि ३५ अंश सेल्सिअस तसेच अऱ्हेनियसच्या सूत्रात (तापमान आणि सक्रियण ऊर्जा यांचा वेगाशी संबंध सांगणाऱ्या) घालून केलं, तर ५३ किलोज्यूलच्या जागी जेमतेम ५०० ज्यूल येतात. इतकं किरकोळ उत्तर दिसलं की समजा, तापमानात २७३ मिळवायचे राहिलेत.