शहरात कलापरिसर घडवताना

कलापरिसर म्हटले की नगरपालिकेला आधी नवी इमारत सुचते आणि कोनशिला बसली की काम झाल्यासारखे वाटते. मुंबईच्या काळा घोडा परिसराचा अनुभव वेगळा आहे. डेव्हिड ससून ग्रंथालय, केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि १९५२ मध्ये सुरू झालेले जहांगीर कलादालन ही सारी ठिकाणे तेथे आधीपासूनच पायी फिरण्याच्या अंतरावर होती; १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने त्यांना एका नावाखाली आणले आणि पुढच्याच वर्षी महोत्सव सुरू केला. (ज्या पुतळ्यामुळे हे नाव पडले, तो १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला होता; नाव मात्र लोकांच्या तोंडून गेले नाही.)

म्हणून पहिल्यांदा गावाचा नकाशा घ्यावा आणि त्यावर नाट्यगृह, वाचनालय, जुना वाडा, तालमीची जागा अशा खुणा करून, त्यांतील कोणत्या एकमेकींपासून दहा मिनिटांच्या आत येतात ते प्रत्यक्ष चालून पाहावे. चालताना पदपथ कोठे तुटतो, दुचाक्या कोठे आडव्या येतात, हेही टिपावे, कारण जहांगीरच्या बाहेर चित्रकार पदपथावर चित्रे मांडतात आणि दालनाचे दार ओलांडायला बिचकणारा, हातात डबा घेऊन घरी निघालेला माणूस तेथे हमखास थांबतो. चहावाल्याला आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळते ते या थांबण्यातूनच. तेव्हा सुशोभीकरणाच्या नावाखाली त्यांनाच आधी हटवू नये.

दुसरा मुद्दा पैशांचा. काळा घोडा महोत्सवातून उभा राहणारा निधी त्याच परिसरातील वारसा इमारतींच्या जतनासाठी वापरला जातो. हा नियम आपल्याकडे पहिल्या वर्षापासून लेखी असावा. नाहीतर जमलेली रक्कम मंडप आणि फलकांतच संपते.

जुन्या वास्तूंची विद्युत आणि अग्निसुरक्षा तपासणी उद्घाटनाआधीच करून घ्यावी. राजर्षी शाहूंच्या काळातले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत भस्मसात झाले, हे विसरता येण्याजोगे नाही.

महोत्सवाची तारीख ठरवण्याची घाई नको. त्याआधी वर्षभराचे साधे वेळापत्रक लावावे: आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालय, दालन आणि तालमीची जागा एकाच वेळी, रात्री नऊपर्यंत उघडी राहतील आणि मधल्या रस्त्यावरचे दिवे लागलेले असतील.