कथेतल्या पात्राचा पाय मोडण्याआधी

आधी कॅलेंडर, मग दुखापत. पात्र किती काळ अडकून राहायला हवं, हे कथानकाला विचारा. दोन-तीन आठवडे पुरत असतील तर घोटा मुरगळू द्या. दीड महिना प्लास्टर हवं असेल तर मनगट आहे. नडगीचं हाड मोडलंत, तर मोठ्या माणसाला किमान चार ते सहा महिने जातात. पुढच्याच प्रकरणात तो गड चढायला लागला, की वाचक पुस्तक मिटतो.

नडगीचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्या कथांत मोटरसायकल घसरतेच. नडगीच्या पुढच्या बाजूला मांस नाही, हाडावर थेट कातडी. त्यामुळे हाड कातडी फाडून बाहेर येणं इथे नेहमीचं. तसं झालं, की हाड जोडण्याइतकीच जंतुसंसर्गाची काळजी मोठी: लवकरात लवकर अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, ऑपरेशन थिएटरात जखम धुणं. कधी आधी बाहेरून सळयांचा सांगाडा बसवतात. कातडी फाटली नसेल तर बहुधा गुडघ्याच्या वाटीखालून हाडाच्या पोकळीत रॉड आणि दोन्ही टोकांना स्क्रू. अपघाताची केस म्हणून रुग्णालय पोलिसांना कळवतं, हेही विसरू नका. कुणापासून लपायचं असलेल्या पात्रासाठी एवढी नोंद पुरेशी आहे.

खरं नाट्य पहिल्या दोन दिवसांत असतं आणि लेखक नेमके तेच दिवस गाळतात. पोटरीच्या आत सूज कोंडली, की दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. वेदनाशामक देऊनही दुखणं वाढत जातं, पोटरी दगडासारखी लागते, पायाची बोटं कुणी नुसती हलवली तरी माणूस ओरडतो. पावलाची नाडी मात्र लागत असते, म्हणून नवखा डॉक्टर फसू शकतो. काही तासांत लांब चिरे देऊन दाब मोकळा केला नाही, तर स्नायू कायमचे जातात. घट्ट प्लास्टरनेही हे होतं, आणि हाडवैद्याने करकचून बांधलेल्या कामट्यांनीही.

पुढचं वेळापत्रक साधारण असं. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत वॉकर. टाके बाराव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. वजन कधी द्यायचं हे हाड कसं मोडलंय त्यावर ठरतं. कुणाला लगेच थोडं थोडं, कुणाला सहा आठवडे पाय टेकवायचाच नाही. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत नवं हाड धरू लागलेलं दिसतं. पात्र बिडी-सिगारेट ओढत असेल तर हा काळ लांबवा. रोज संध्याकाळी पावलावर सूज, मांडी बारीक झालेली, घोटा आखडलेला: हे महिनोन्‌महिने चालतं. हाड जुळल्यावरही गुडघे टेकून बसताना वाटीखाली दुखत राहतं. रॉड काढलाच पाहिजे असं नाही.

घर विसरलात तर सगळा अभ्यास वाया. वॉकरला दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे हा माणूस चहाचा कप या खोलीतून त्या खोलीत नेऊ शकत नाही. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, तोही उकिडवं बसायचा. मग कमोडची खुर्ची येते, ती रिकामी कोण करतं हा प्रश्न येतो, आणि नवरा-बायकोचं किंवा सासू-सुनेचं नातं आपोआप उघडं पडतं. जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पडद्यावर हे सर्रास उलटं दिसतं.

काळ तपासा. 1972 च्या दुष्काळात सरकारी मदतकामावर खडी फोडणाऱ्या मजुराची नडगी मोडली, तर रॉडऐवजी मांडीपर्यंतचं प्लास्टर आणि महिनोन्‌महिने खाटच जास्त पटेल. आज असेल तर 108 ची रुग्णवाहिका येईल.

माहितीसाठी आधी अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेची ऑर्थोइन्फो ही साइट किंवा ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची रुग्णांसाठीची पानं वाचा, मग माणसांकडे जा. सर्जनपेक्षा फिजिओथेरपिस्ट जास्त उपयोगी, कारण सर्जन ऑपरेशन सांगतो आणि फिजिओ दहावा आठवडा. “बरं व्हायला किती दिवस लागतात?” असं विचारलंत तर गुळमुळीत उत्तर मिळेल. “पस्तिशीचा माणूस, रॉड टाकलाय, आठवा आठवडा, दुसऱ्या मजल्यावर राहतो, एकटा खाली येऊन रिक्षात कसा बसेल?” असं विचारा. घरात अशा रुग्णाचं केलेल्या व्यक्तीलाही विचारा. आंघोळ कशी घातली आणि रात्री किती वेळा उठावं लागलं, ते तिलाच ठाऊक असतं.

डोक्याला मार लागून तासन्‌तास बेशुद्ध पडलेला नायक उठून लगेच हाणामारी करतो, तेवढं मात्र टाळा. अर्ध्या तासापेक्षा जास्त शुद्ध हरपली, तर त्या इजेला किरकोळ म्हणत नाहीत. पुढे विसराळूपणा, चिडचिड, प्रकाशाचा त्रास लिहावाच लागेल. खांद्याला ‘नुसती चाटून गेलेली’ गोळीही तशीच संशयास्पद: तिथून हाताच्या नसांचं जाळं आणि मोठी रक्तवाहिनी जाते.