पिक्चरची गोष्ट आपलीच आहे का, हे कसं तपासावं

चोपड्याच्या एका टॉकीजमध्ये मी बावीस वर्षं ऑपरेटर होतो. टॉकीज कधीच बंद झाली, तिथे आता लग्नं लागतात. हल्ली मोबाईलवर पिक्चर काढणारी पोरं गोष्ट ऐकवायला येतात, 'आबा, कशी वाटते सांगा.' बहुतेक गोष्टींत एक प्रामाणिक इन्स्पेक्टर असतो आणि तो गाडीच्या बॉनेटवरून उडी मारतो. त्या पोरांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

गोष्ट आधी लिहू नका, तोंडी सांगा. तीही सिनेमावेड्या मित्राला नाही. मावशीला सांगा, निंदायला आलेल्या बाईला सांगा, पानटपरीवाल्याला सांगा. सांगताना कुठल्याही पिक्चरचं किंवा हिरोचं नाव घ्यायचं नाही. 'त्या सीनसारखं' हे शब्द तोंडात आले, की तेवढा भाग तुमचा नाही. ऐकणारा 'मग?' म्हणाला तर पुढे चला. पण तुमच्याआधी तोच बोलला, 'मग त्याच्या भावाला मारत असतील,' तर घरी जाऊन त्या जागेवर फुली मारा. तीन माणसांना सांगा. तिघांनी एकाच जागी पुढचं ओळखलं, तर ती जागा वाचवायच्या फंदात पडू नका.

हे मी बूथमध्ये शिकलो. ऑपरेटरला फुकट पिक्चर बघायला मिळतो, असं लोकांना वाटतं. मशीनच्या घरघरीत निम्मे डायलॉग ऐकूच येत नसत. रीळ संपत आलं, की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटार चालू करायची, दुसरा ठिपका दिसला की बदल. मधल्या वेळात मी खिडकीतून पडद्यापेक्षा खालची माणसंच जास्त बघितली. गोष्टीने पकडलं, की शेंगा फोडणारे हात थांबतात. नाही पकडलं, की मागे बिड्या पेटतात आणि दार करकरायला लागतं. एकदा इंटरव्हलला पुढच्या बाकावरून एकजण ओरडला, 'हाऊ पिच्चर ते मी देखेल शे!' पिक्चर त्याच दिवशी लागलेला होता.

रिळांची पेटी आमच्याकडे भुसावळहून एसटीने यायची. सी. पी. बेरार सर्किट म्हणजे पिक्चर वाटपाचा आमचा विभाग, त्याच्या वितरकांची ऑफिसं तिथे होती. मी कितीदा तिथे जाऊन बसलो, पण 'गोष्ट काय आहे' असं कुणी विचारलेलं आठवत नाही. 'कोण आहे त्यात?' हाच प्रश्न. पैसा लावणाऱ्याला भीती असते, आणि आधी चाललेला माल हा भीतीवरचा उतारा. आमचा मालकही तेच मागायचा, म्हणून मी एकट्या मुंबईला नावं ठेवत नाही. पण 2024 च्या दिवाळीत 1 नोव्हेंबरला 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया 3' एकाच दिवशी लागले, तेव्हा मलाही हसू आलं. पहिला 'सिंघम' 2011 चा, तो 2010 च्या तमिळ पिक्चरवरून घेतलेला. पहिला 'भूलभुलैया' 2007 चा, तो 1993 च्या मल्याळम पिक्चरवरून. उसन्या पिठाची ही तिसरी भाकरी.

पूर्वी उसनं खपायचं, कारण मूळ कुणी बघितलेलं नसायचं. आता आमच्याकडची पोरं केळीच्या बांधावर बसून तेलुगू पिक्चर हिंदी डबिंगमध्ये बघतात. 2022-23 मध्ये 'जर्सी', 'शहजादा', 'सेल्फी' हे रिमेक एकामागून एक पडले, त्याचं मला तरी नवल वाटलं नाही. उलट 2016 चा 'सैराट' बघा, दोन वर्षांत हिंदीवालेच त्याच्या दारात आले.

एक कोरडी पण कामाची गोष्ट. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, आर. जी. आनंद खटल्यात 1978 साली सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. म्हणून कट्ट्यावर 'माझ्याकडे एक आयडिया आहे' म्हणत फिरू नका. प्रसंग, माणसं, संवाद सगळं लिहून काढा, आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन नोंदवा. मग दाखवा कुणालाही.

फुल्या मारून झाल्यावर कागदावर फार थोडं उरतं. अडावदकडच्या एका पोराचं तर काहीच उरलं नाही. इन्स्पेक्टर गेला, त्याची बहीण गेली, गोडाऊनमधली मारामारी गेली. बिचारा रडवेला झाला. मी विचारलं, 'तुझा बाप काय करतो?' केळी. 'घरी कधी खोटं बोललाय का?' पोरगा गप्प बसला. खरी गोष्ट इथे असते, म्हणून हा प्रश्न स्वतःला विचारा: आपल्या घरात कोण, कुणासाठी, काय लपवतं?

बऱ्याच वेळाने तो बोलला. त्या दिवशी रावेरचा बोर्डभाव, म्हणजे केळीचा जाहीर झालेला भाव, क्विंटलला चौदाशे होता. व्यापाऱ्याने माल बघून 'दांडा बारीक आहे' म्हणत बाराशे सांगितले. घड कापून पडलेले, ट्रक उभा. कापलेला माल परत झाडाला लागत नाही. बापाने मान हलवली. घरी आला, चिकाचे डाग पडलेला सदरा खुंटीला अडकवला आणि बायकोला म्हणाला, 'बोर्डाने गेला.' तिने नोटा मोजल्या, डब्यात ठेवल्या, आणि वाढायला घेतलं.

मी म्हटलं, हे तुझ्या आईला सांग. नावं बदलून सांग, गाव बदल, केळीच्या जागी कपाशी घाल हवं तर. भाव मात्र तोच ठेव.

चार दिवसांनी आला. म्हणाला, 'आबा, आई ''मग?'' म्हणालीच नाही.' पोळ्या लाटत ऐकत होती. बाराशेवर आल्यावर लाटणं थांबलं. मग खालीच बघत म्हणाली, 'बाराशे नही रे भाऊ, साडेअकराशे व्हता.'