ग्राफिक डिझायनरने रोजच्या नागपुरातून कल्पना कशा टिपाव्यात

काही वर्षांपूर्वी भिवापूरच्या एका शेतकरी गटासाठी तिखटाच्या पाकिटाचे डिझाइन करण्याचे काम माझ्याकडे आले होते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती आपल्या नागपूर जिल्ह्याचीच आहे, तरीही मी गावाकडे फिरकले नाही. संगणकासमोर बसून तयार चित्रांच्या संग्रहातून वारली शैलीतील नाचणाऱ्या आकृत्या उचलल्या, त्या लाल पार्श्वभूमीवर मांडल्या आणि नमुना छापून घेऊन गेले. गटातील एका ज्येष्ठ काकूंनी तो हातात घेऊन शांतपणे विचारले, "चित्रं छान आहेत, पण आमच्याकडे अशी कुठं असतात?" वारली ही पालघर-ठाणे भागातील आदिवासींची कला, तिचा भिवापूरच्या मिरचीशी काहीही संबंध नव्हता. त्या दिवशी त्यांनीच मला मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याच्या जागी नेले. तिथे बायका ओळीने बसून देठ खुडत होत्या, एकीकडे लाल मिरचीचे ढीग होते आणि दुसरीकडे खुडलेल्या फिकट हिरव्या देठांचे. पुढे छापल्या गेलेल्या पाकिटावर भरगच्च लाल रंग होता आणि कोपऱ्यात एकच वाकडा हिरवा देठ होता. त्यापेक्षा अधिक काही लागलेच नाही.

प्रेरणा कुठून मिळते, असे नवे डिझायनर नेहमी विचारतात. ती रोजच्या परिसरातून मिळते हे उत्तर सर्वांना ठाऊक असते, पण परिसराकडे नेमके कसे पाहावे, काय टिपावे आणि टिपलेले कामात कसे आणावे, हे फारसे कोणी सांगत नाही. मी जी पद्धत वापरते ती इथे पायरीपायरीने मांडत आहे. ठिकाणे नागपूरची आहेत, कारण मी इथे राहते आणि इथलेच पाहिलेले खात्रीने सांगू शकते.

पहिली पायरी : वही, आणि वहीत लिहिण्याचे कारण

खिशात मावेल अशी कोऱ्या पानांची वही, एक पेन्सिल आणि सहा इंची पट्टी एवढे साहित्य पुरते. मोबाइलने छायाचित्र अवश्य काढावे, पण केवळ छायाचित्रावर विसंबू नये. महिन्याभरात फोनमध्ये शेकडो छायाचित्रे साचतात आणि त्यांतील एखादे आपण का काढले होते, हे आपल्यालाच आठवत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहाव्यात : काय पाहिले, कुठे आणि कोणत्या उजेडात पाहिले, आणि नजर तिथे का थांबली. तिसऱ्या प्रश्नाला "छान वाटले" हे उत्तर चालणार नाही, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. "पाटी जुनी आहे, रंग उडाला आहे, तरी रस्त्याच्या पलीकडून वाचता येते, कारण अक्षरांतील पोकळ्या मोठ्या ठेवल्या आहेत" अशी नोंद दोन वर्षांनीही उपयोगी पडते. शेजारी अंगठ्याएवढे रेखाटन करावे. चित्र चांगले काढता येत नसेल तरी करावे, कारण हात फिरवताना डोळ्यांना जे दिसते, ते नुसते बघताना निसटून जाते.

दुसरी पायरी : एका फेरीला एकच प्रश्न

"आज काहीतरी सुचेल" अशा आशेने फिरायला निघालेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो. त्याऐवजी हातात असलेल्या कामातून एक प्रश्न उचलावा. कार्यक्रमपत्रिकेत खूप मजकूर बसवायचा असेल तर "गर्दीतही वाचता येणाऱ्या गोष्टी कोणत्या?" हा प्रश्न घेऊन इतवारीत जावे. एखाद्या दवाखान्याच्या दिशादर्शक पाट्या करायच्या असतील तर मेट्रोने सीताबर्डीला जाऊन ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन मार्गिका जिथे मिळतात तिथे अर्धा तास उभे राहावे आणि नवखे प्रवासी कोणत्या जागी थबकतात, मान कुठे वळवतात, कोणाला विचारतात, हे टिपावे. माणूस ज्या जागी थबकतो, त्या जागी पाटी हवी असते. तिथून जवळच असलेल्या झिरो माइलच्या षटकोनी दगडावर वेगवेगळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. प्रत्येक बाजूवर त्या त्या दिशेचे काय ते वाचायला मिळावे, ही माहितीच्या मांडणीची किती साधी आणि पक्की कल्पना आहे, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते.

वेळ मात्र जपून निवडावी. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत सकाळी नऊच्या आत फेरी आटोपावी आणि नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर दुपारी बाहेर पडूच नये. सकाळी लवकर जाण्याचा आणखी एक लाभ असा की दुकाने उघडलेली नसतात आणि शटरवर रंगवलेली जुनी अक्षरे पूर्ण दिसतात.

तिसरी पायरी : अक्षरांकडे पाहणे

मराठीत काम करणाऱ्या डिझायनरसाठी याहून मोठी खाण नाही, म्हणून इथे थोडे थांबते.

महाल आणि इतवारीच्या गल्ल्यांत फ्लेक्सच्या मधूनमधून हाताने रंगवलेल्या पाट्या अजूनही टिकून आहेत. अशा एका पाटीसमोर उभे राहून पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. शिरोरेखा अखंड आहे की प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली आहे? वेलांटी शिरोरेखेच्या किती वर गेली आहे, आणि दुकानाचे नाव मोठे करण्यासाठी पेंटरने तिला कुठे दाबले आहे? उकार खालच्या ओळीला धडकू नये म्हणून त्याने काय केले आहे? देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर लागते. संगणकावर हे अंतर आपोआप ठरते आणि पुष्कळदा अपुरे ठरते. पाटी रंगवणारा पेंटर मात्र ते प्रत्येक वेळी डोळ्यांनी ठरवतो. त्याने केलेली तडजोड मोजून वहीत लिहावी. अक्षराची उंची एक धरली तर वर किती आणि खाली किती जागा सोडली, एवढे प्रमाण पुरेसे आहे.

नागपूरच्या पाट्यांत आणखी एक गोष्ट दिसते, जी पुण्यात इतक्या सहज दिसणार नाही. हे शहर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि इथे मराठी व हिंदी या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. त्यामुळे एकाच गल्लीत 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठी वळणाचीही सापडतात आणि हिंदी वळणाचीही. मराठी मजकुरात हिंदी वळणाचा 'ल' आला की जाणत्या वाचकाला ते खटकते. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर मराठी रूपे येतात. पण हे तपासायचे असते, हेच अनेकांना माहीत नसते. पाट्या पाहून डोळा तयार झाला की छापण्याआधी ही चूक आपोआप पकडली जाते.

पाट्यांबरोबर मराठी नाटकांच्या जुन्या जाहिरातीही जमवाव्यात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची केलेली अक्षरे पाहिली की आशयाप्रमाणे अक्षराचे अंग कसे बदलते, हे समजते. मात्र ती पाहून नक्कल करू नये. बोरू किंवा चपटा ब्रश हातात घेऊन आपल्या नावाची अक्षरे वीस वेळा लिहावीत, म्हणजे जाड आणि बारीक रेषा कुठून येतात हे बोटांना कळते.

चौथी पायरी : रंग मोजणे

नागपूर म्हटले की डिझायनरचा हात भगव्याकडे झुकणाऱ्या गडद नारिंगी रंगाकडे जातो. मृग किंवा आंबिया या संत्र्याच्या दोन बहारांपैकी एखाद्याच्या हंगामात कळमन्याच्या बाजारात जाऊन खरे संत्रे बघावे. आंबिया बहाराची सुरुवातीची फळे आतून गोड झालेली असली तरी सालीवर हिरवट-पिवळी असतात, कारण सालीतील हरितद्रव्य उतरायला रात्रीचा गारवा लागतो. ढिगाऱ्यात हिरवा, पोपटी, पिवळा आणि नारिंगी असे सगळे रंग एकत्र असतात आणि सालीवर बारीक खड्डे असल्याने प्रत्येक फळावर उजेड तुटून पडतो. ही रंगसंगती त्या ठरावीक नारिंगीपेक्षा कितीतरी अधिक नागपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

रंग टिपताना छायाचित्रातून थेट रंग उचलू नये, कारण कॅमेरा उजेडानुसार रंग बदलतो. फळ घरी आणावे, खिडकीच्या सावलीतल्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवावे आणि जलरंगाने किंवा छापील रंगपट्टीशी जुळवून नोंद करावी. पडद्यावर झळाळणारा नारिंगी आणि पोपटी चार रंगांच्या छपाईत मळकट होतो, हेही इथेच लक्षात ठेवावे आणि छापखान्यात जाण्याआधी त्याच कागदावर नमुना काढून पाहावा. पडद्यासाठी काम असेल तर लहान अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे गुणोत्तर किमान 4.5:1 ठेवावे. नारिंगीवर पांढरी बारीक अक्षरे बहुतेक वेळा या कसोटीत नापास होतात.

पाचवी पायरी : एकच आकार, लहान आणि मोठा

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाजारात लाकडी नंदी विक्रीला येतात. तान्ह्या पोळ्यासाठी लहान मुले ते घेतात. तळहातावर मावणाऱ्या नंदीपासून मुलाच्या उंचीएवढ्या नंदीपर्यंत सगळी मापे एका रांगेत उभी असतात. त्या रांगेसमोर वही उघडावी आणि एक तक्ता करावा : सर्वांत मोठ्या नंदीवर काय काय आहे, मधल्यात काय गळले आणि सर्वांत लहानात काय उरले. मोठ्याला डोळे, घुंगरू, झूल, खूर असे सगळे असते. लहानात कारागिराने पाय ठोकळे केलेले असतात, चेहरा जवळजवळ पुसलेला असतो, पण शिंगांची कमान आणि वशिंड मात्र कधीच सोडलेले नसते. बैल ओळखू येतो तो त्या दोन गोष्टींवरून, आणि हे कारागिराला ठाऊक असते.

लोगो करताना हाच प्रश्न समोर असतो. दुकानाच्या फलकावर दहा फूट रुंद दिसणारे चिन्ह मोबाइलच्या पडद्यावर बोटाच्या पेरापेक्षा लहान होते, तेव्हा काय टाकायचे आणि काय राखायचे? म्हणून चिन्हाची आधी सर्वांत लहान आवृत्ती करावी आणि मग तिच्यात तपशील भरावेत. मी हे नंदीच्या रांगेतून शिकले आणि आजही विद्यार्थ्यांना तिथेच घेऊन जाते.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे प्रतीक मानलेले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. घरांच्या गच्च्यांवरून, गर्दीच्या खांद्यांवरून, लांबून, हलताना त्या ओळखू येतात आणि त्यासाठी नाव वाचावे लागत नाही. रंग आणि आकृतीच पुरतात. सोबत निघणाऱ्या बडग्यांवरचे, म्हणजे चालू घडामोडींवर टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांवरचे, फलक वाचावेत. चालत्या मिरवणुकीत वाचता यावे म्हणून त्यांवर किती शब्द ठेवले आहेत, हे मोजले की पोस्टरच्या मथळ्याची मर्यादा समजते. त्यानंतर गणपतीच्या दिवसांआधी चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, एक फेरी मारावी आणि मूर्तीचा रंग कोणत्या क्रमाने चढतो, एवढेच बघावे.

घरातली साधने

बाहेर पडणे शक्य नसेल तर घरात पाहावे. आईच्या किंवा आजीच्या कपाटात करवती काठाची टसर साडी असेल तर ती उलगडावी. करवतीच्या दातांसारखी जी कड दिसते, तिथे अंगाचा धागा आणि काठाचा धागा तीन धोट्यांच्या विणकामात एकमेकांत अडकवलेले असतात. दोन रंग सरळ रेषेवर भिडवण्याऐवजी दातांनी गुंतवले तर काय होते, हे मांडणीतही करून पाहण्यासारखे आहे. भिंतीवरचे कॅलेंडरही बघावे. एका चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र आणि सण बसवूनही तारीखच आधी कशी दिसते, हे अक्षरांची मापे मोजून लिहावे.

सहावी पायरी : नोंदीचे कामात रूपांतर

समजा, संत्रा बर्फीच्या डब्याचे काम आले आहे. आधी वही उघडावी, संगणक नंतर. जुन्या नोंदींपैकी तीन वेगळ्या ठिकाणच्या नोंदी निवडाव्यात आणि प्रत्येकीतून एकच गुण घ्यावा. कळमन्याच्या ढिगाऱ्यातून हिरवट-पिवळी रंगसंगती, साडीतून झाकण आणि डबा जिथे मिळतात तिथली दातेरी कड, पाटीतून नावाच्या अक्षरांतील मोठ्या पोकळ्या. दोनपेक्षा अधिक नोंदी एकाच ठिकाणच्या असतील तर काम त्या ठिकाणाची नक्कल होऊ लागते. साडीची कड, साडीचा रंग आणि साडीचे नक्षीकाम असे तिन्ही घेतले तर तो बर्फीचा डबा न राहता साडीचा डबा होतो.

मग कच्चे आराखडे हाताने करावेत, किमान दहा. त्यांतील दोन निवडून एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी आराखडा भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहावा आणि मग तो ज्याला माहीत नाही अशा माणसाच्या हाती देऊन "यात काय असेल?" एवढेच विचारावे. स्पष्टीकरण देऊ नये.

सातवी पायरी : ज्याचे त्याला

परिसरातून घेताना एक सीमा पाळावी लागते. बर्फीच्या डब्यासाठी पाटीतून मोठ्या पोकळ्यांचे तत्त्व घेणे हा अभ्यास आहे, पण त्या पेंटरने घडवलेले विशिष्ट अक्षर छायाचित्रातून जसेच्या तसे उतरवून क्लायंटला विकणे हे त्याचे काम घेणे आहे. तेच अक्षर हवे असेल तर पाटीच्या कोपऱ्यातील सही वाचून पेंटरला शोधावे आणि त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. मूर्तिकाराच्या किंवा विणकराच्या घरी छायाचित्र काढण्याआधी विचारावे आणि त्याचा उपयोग कुठे होणार, ते सांगावे. क्लायंटला अंदाजपत्रक देताना अक्षरलेखनाची रक्कम वेगळ्या ओळीत, पेंटरच्या नावासह लिहावी, म्हणजे नंतर घासाघीस झाली तरी ती रक्कम कापली जात नाही.